सत्तेचाळिसाव्या लाटेची वाटणी

मी, नरसिंग गणपती नरवाडे, वय ७१ वर्षे, निवृत्त रेल्वे गेटमन, राहणार मुदखेड, जिल्हा नांदेड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. माझी बायको कोंडाबाई हिचे मत वेगळे आहे, पण ते न विचारता दिलेले असल्यामुळे धरू नये. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. येत्या बुधवारी नांदेडला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे, एवढेच निमित्त.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि पुढचे पत्र्याचे शेड, कोंडाबाईकडे राहील. तिच्यामागे ते मुलगी लुंबिनी हिला मिळावे. ती अहमदपूरला शाळेत शिकवते. बँकेतली शिल्लक कोंडाबाईची, त्यावर कोणी तोंड उघडू नये.

कलम २. माझा हिरवा झेंडा लुंबिनीला. लाल झेंडा कोंडाबाईला. तिला त्याची गरज नाही, तिचा नुसता हात वर झाला तरी मी जागच्या जागी थांबतो.

कलम ३. जुना कॉम्प्युटर माझा नाही, चांदपाशाने नुसता वापरायला दिलेला आहे, तो त्याचा त्याला परत जावा. चांदपाशा माझा मित्र, बाजारात त्याचे झेरॉक्सचे आणि ऑनलाइन अर्जांचे दुकान आहे. गेट बंद होऊन तिथे पूल झाला तेव्हा मी त्याच्या दुकानात दिवसभर बसून राहायचो. गिऱ्हाइकांना जागा व्हावी म्हणून त्याने मला कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर एक खेळ लावून दिला. पुढे कॉम्प्युटरही घरी पाठवला.

खेळ असा. एक वळणावळणाचा रस्ता, त्याच्या शेवटी किल्ल्याचा दरवाजा. रस्त्याने राक्षसांच्या लाटा येतात. आपण कडेने बुरुज बांधायचे, ते आपोआप मारा करतात. एक राक्षस आत घुसला की आपला एक जीव गेला. असे वीस जीव असतात. (मला एकच आहे, आणि डॉक्टर म्हणतात त्याच्याही दोन नळ्या तुंबल्यात.) पन्नास लाटा परतवल्या की जिंकलो.

ताबा घेणाऱ्याने खेळाचे गुणदोष जाणून घ्यावेत. फुकट आहे, इंटरनेटवर पान उघडले की सुरू. राक्षस सरळमार्गी आहेत. ते रस्ता सोडत नाहीत, बंद गेटखालून सायकल काढत नाहीत, आणि रिकाम्या जीपमध्ये बाळंतीण आहे असे खोटे सांगत नाहीत. सगळ्यात मोठा गुण म्हणजे ‘पुढची लाट’ हे बटण. आपण ते दाबेपर्यंत कोणी येत नाही. एकतीस वर्षांत रेल्वेने मला एकदाही विचारले नाही की नरसिंग, तयार आहेस का, सोडू का गाडी.

दोषही आहेत. एकदा सुटलेली लाट मध्ये थांबवता येत नाही, त्यामुळे आमच्या घरी दूध किती वेळा उतू गेले ते कोंडाबाई तारखेसह सांगेल. पंधरा ते पस्तीस या लाटा सारख्याच आहेत, बनवणाऱ्याला कंटाळा आला असावा. बर्फाचा बुरुज महाग, आणि तो मारत नाही, येणाऱ्याला नुसता रेंगाळवतो. हे काम चांदपाशा एका चहात करतो. चाळीसनंतर उडणारे राक्षस येतात. उडणाऱ्यापुढे गेटमनने काय करावे?

पण सगळ्यात वाईट दोष हा की आपण कुठवर आलो ते त्या एकाच कॉम्प्युटरच्या पोटात राहते. दुसरीकडे नेता येत नाही, आणि कोणी आत झाडलोट केली की पुसून जाते.

कलम ४. मुलगा रविकांत, लातूरला बियाण्यांच्या दुकानात बिले करतो, यास काहीही नाही. कारण पुढीलप्रमाणे. मागच्या वर्षी एप्रिलात तो घरी आला. मी कटिंगला गेलो होतो. परत आलो तर हा खुशीत म्हणतो, “बाबा, कॉम्प्युटर लई हळू चालून राहिला होता. समदा कचरा साफ केला बघा.”

त्या कचऱ्यात माझ्या सत्तेचाळीस लाटा होत्या. अकरा महिन्यांची मेहनत. तीनच लाटा राहिल्या होत्या.

त्या दिवसापासून चौदा महिने मी त्याच्याशी बोललेलो नाही. त्याचा फोन आला की कोंडाबाई स्पीकर लावते, मी भिंतीकडे बघून “त्याला सांग” म्हणतो, आणि त्याला सगळे ऐकू गेले असले तरी ती पुन्हा सांगते. साक्षीदारांत मात्र मी त्याचेच नाव पहिले लिहिले आहे. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीची सही करू नये, असे चांदपाशा दुकानात लोकांना सांगत असतो. तेव्हा रविकांतइतका लायक साक्षीदार मला दुसरा सापडणार नाही. हे लिहिताना मला फार बरे वाटले.

कलम ५. वरचे सगळे गुरुवारी लिहिले. आज शनिवार. सहीला ये, असा निरोप कोंडाबाईमार्फत गेला होता. रविकांत सकाळी आला तो त्याच्या कॉम्प्युटरचा डबा छातीशी धरून. लातूरपासून एसटीत मांडीवर घेऊन बसला होता. मी कोंडाबाईला म्हणालो, “त्याला सांग, खाली ठेव म्हणावं. हात अवघडले असतील.”

त्याने डबा आमच्या पडद्याला जोडला. पडद्यावर माझा किल्ला होता. पहिल्या वळणावर बर्फाचा बुरुज, त्यामागे दोन तोफा, दरवाजाशी तिरंदाज, सगळे माझ्या जागी. सत्तेचाळीस लाटा झालेल्या.

“आई, बाबाला सांग,” तो म्हणाला, “पाठवता येईना म्हणून डबाच आणला.”

बुरुज कुठे बांधायचे ते मी एका वहीत काढून ठेवतो. ती वही लातूरला कशी गेली? गेलीच नाही. मी दुपारी चांदपाशाकडे गेलो की कोंडाबाई फोनवर वहीचे एकेक पान वाचून दाखवत होती, आणि तो तिकडे पहिल्या लाटेपासून तसाच खेळत होता. वर्षभर! या खेळाला ‘भिकारडा’ याशिवाय दुसरे नाव न देणारी बाई.

तीन लाटा कशाला ठेवल्या, जिंकूनच का आणले नाही, असे मी तिच्यामार्फत विचारले.

“जेवढं माझ्या हातनं पुसलं तेवढं आणलं,” तो म्हणाला. “फुडचं त्यांचं हाय.”

मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आलो. दोनदा. एका खेळापायी चौदा महिने मी पोटच्या पोराला दाराबाहेर ठेवले, याची मला लाज वाटते. तोंडाने म्हणणे जमत नाही, म्हणून इथे लिहितो.

कलम ६. कलम ४ रद्द. कोंडाबाईनंतर घर लुंबिनी आणि रविकांत यांचे निम्मे निम्मे. लातूरचा डबा, वही आणि तिथवरचा खेळ रविकांतचा. अट एकच, झाडलोट बंद. अठ्ठेचाळिसावी लाट बुधवारपर्यंत कोणी सोडू नये. मी परत आलो तर आम्ही दोघे मिळून सोडू. नाही आलो तर त्याने माझ्यासाठी थांबू नये, बटण दाबावे. हरला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येते. हा गुण वर लिहायचा राहिला होता.

ठिकाण: मुदखेड. दिनांक: १४ जून २०२५.

सही: नरसिंग गणपती नरवाडे

आमच्यासमोर सही झाली:
१. चांदपाशा (चहाबद्दलचे वाक्य खोडावे, अशी यांची विनंती आहे. अमान्य.)
२. आबेदा, चांदपाशा यांची पत्नी

खाडाखोडीचा खुलासा: साक्षीदारांत पहिले नाव रविकांतचे होते, ते मी सर्वांसमोर खोडले. तो पेन घेऊन तयार उभा होता. आईकडे वळून म्हणाला, “साक्षीलाबी नको का मी यांना?” कोंडाबाईने माझ्याकडे पाहिले, पण या वेळी मी तिला ‘त्याला सांग’ म्हणालो नाही. मीच त्याला म्हणालो, “न्हाई रे बाळा. ज्याला मिळतंय त्याला सही करता येत न्हाई.”