पाहुण्यांची कळशी

आई, तुझी तांब्याची कळशी अजून आहे. माझ्या स्वयंपाकघरात, तू ठेवायचीस तशीच दाराजवळ. तिच्यातलं गोडं पाणी बाबा सोनाळ्याकडच्या विहिरीवरून सायकलला डबे लटकवून आणायचे, कारण आपल्या गावचं पाणी खारं, चहा फाडणारं. कळशी पाहुण्यांची, माठ आपला. एकदा मी शाळेतून पळत आले आणि कळशीत पेला बुडवला, तर तू हातावर उलथनं मारलंस. "ते पाव्हण्याचं हाय वं! तुले माठ दिसत नाई?" पुढे तुम्ही मला चिखलीला मावशीकडे ठेवून कॉन्व्हेंटात घातलंत. पहिल्या सुट्टीत पांढरे मोजे घालून मी उंबऱ्यात उभी आहे, आणि तू कळशीतून पेला भरून माझ्यापुढे करते आहेस. मला केवढा आनंद होतो. आता मी पाहुणी झाले, एवढाच त्याचा अर्थ होता. तो फार उशिरा लागला.

मग ती डॉक्टर मंडळी जीप घेऊन आली, तेव्हा मी बाळंतपणाला घरी होते. आपल्या भागात किडनीचे रोगी का वाढतात ते शोधायचं होतं त्यांना. "मावशी, रोज पिता तेच पाणी द्या," म्हणत त्यांनी बाटली दिली. तू ती आत आणून कळशी वाकडी केलीस. मी म्हटलं, आई, माठातलं दे. "सायबाले खारं देतं का कोणी? घराची लाज हाय का नाई तुले?" गल्लीतल्या साऱ्या बायांनी तेच केलं. ज्यांच्या घरी गोडं नव्हतं, त्या तुझ्याकडून लोटाभर घेऊन गेल्या. गावचं पाणी उत्तम ठरलं, जीप पुढच्या गावांना गेली, उपायही तिकडेच झाले. आणि आपलं पाणी मशीनमधी पास झालं म्हणून तू गावभर मिरवलंस. काही वर्षांनी तुझे पाय सुजले, चेहरा सुजला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, खारं पाणी पिता का? माझा हात दाबून मला गप्प करत तू म्हणालीस, "नाई जी. आमच्या इकडे गोडं पाणी हाय." त्या खाटेवरून तू परत उठली नाहीस.

निवृत्तीनंतर मी गावात राहायला आले, आणि आता पुन्हा तपासणी आली आहे. या वेळची डॉक्टर मुलगी समाजमंदिरात सतरंजीवर बायांमध्ये बसली. कुणाच्या घरचं पाणी घ्यायचं, कुठून सुरुवात करायची, ते तुम्हीच ठरवा, म्हणाली. बायांनी मला पुढं केलं. आज सकाळी साऱ्यांनी घरून बाटल्या भरून आणल्या, ओळीत मांडल्या, आणि पाहते तर एकूणएक बाटलीला बाहेरून घाम फुटलेला. विकतच्या थंड जारचं पाणी. आता कळशीच्या जागी जार आहे, घरची माणसं मात्र बोअरचं खारंच पितात.

"काऊन वं, हे पिता रोज?" मी विचारलं.

"हाव मॅडम," एक म्हणाली. "आता डॉक्टरीनबाईले बोअरचं देऊ का? चांगलं दिसते का ते?"

मी समजावलं. पाणी पुन्हा चांगलं निघालं तर ही मुलगीही निघून जाईल, म्हटलं. कुणी हललं नाही. मग मी तुझं सांगितलं. कळशी, बाटली, खाटेवरचं ते "नाई जी", सगळं.

"म्हंजे बुढी मरतानाबी खोटंच बोलली?" शेजारची सून म्हणाली. दुसरी म्हणाली, "पाव्हण्याले गोडं पाजलं, अन् सोता लोणच्यावानी मुरली माय!" सगळं समाजमंदिर हसलं. मग एकेक उठली, पायरीवर बाटली रिकामी केली आणि घरून कोमट, गढूळसर पाणी भरून आणलं.

तुझी अब्रू अशी कामाला आली. हे तुला पाठवायचं तरी कुठे? आणि पाठवता आलं असतं, तरी एक ओळ खोडूनच पाठवलं असतं. त्या हसल्या, तेव्हा मीही हसले.