ठेंगणीचे मागचे दिवे

२ नोव्हेंबर

चि. भावोजींस,
अ. उ. आ.

देवाच्या कृपेने इकडे सर्व ठीक. पत्र ह्यांच्या नकळत लिहिते आहे. आपल्या ठेंगणीचे, म्हणजे ह्यांच्या लाडक्या जुन्या गाडीचे, मागचे दिवे वेड्यासारखे वागताहेत. ब्रेक दाबला की डावीकडचा लाल दिवा मिणमिणतो आणि वळायचा दिवाही उगाच त्याच्यासोबत लागतो. ह्यांनी बल्ब बदलले, फ्यूज बदलले, डॅशबोर्डखाली उताणे पडून वायरी चाचपल्या. आरटीओच्या तपासणीत दिवे नापास झाले तर गाडी रस्त्यावर आणता येणार नाही. एक जण नुसतं इंजिन न्यायला तयार आहे. हे त्याला हो म्हणणार आहेत, आणि हे मनात घेतल्यापासून ह्यांचं जेवणावर लक्ष नाही.

मागच्या तपासणीला चार लोकांसमोर तुम्ही ह्यांच्या वायरिंगला घरटं म्हणालात आणि तुमचं बोलणं तुटलं. मी त्यात पडत नाही. पण लग्नानंतर त्या दोन सीटांच्या गाडीत, मागच्या फळीवर गुडघे छातीशी घेऊन बसलेले तुम्ही मला अजून दिसता. माझी नवी साडी चुरगळू नये म्हणून तुम्ही वाटभर अंग चोरून बसला होतात. मेकॅनिकला हे हात लावू देणार नाहीत. काही सुचलं तर कळवा.

माझ्यावर लोभ आहेच, तो दादांवरही असू द्या.

तुमची वहिनी

७ नोव्हेंबर

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

दादा बल्ब-फ्यूजपासूनच सुरुवात करणार, हे मी पैजेवर सांगितलं असतं. दोष वायरीत नसावा. वीज दिव्यापर्यंत जाते, पण परत यायची तिची वाट दिव्याच्या बैठकीतून गाडीच्या पत्र्यात असते. तिथे गंज किंवा रंग आला की वाट अडते आणि ती शेजारच्या दिव्यात घुसते. एक सुटी वायर घ्या. एक टोक बॅटरीच्या उण्या बाजूला, दुसरं त्या बैठकीच्या उघड्या धातूला टेकवा. दिवा लख्ख लागला तर बैठक खरवडायची, बाकी काही नाही.

दादांचं वायरिंग जुनं आहे, वाईट नाही. ते करताना टॉर्च मी धरला होता. एकेक जोड त्यांनी ओढून पाहिला होता. घरटं म्हणायला नको होतं. पण माझं नाव घेऊ नका, नाहीतर हट्टाने गाडी मोडीत काढतील.

आशीर्वाद असू द्यावा.

आपला धाकटा

१२ नोव्हेंबर

चि. भावोजींस,
अ. उ. आ.

दिवा लागला. वायर मीच टेकवली. मागच्या भिंतीवर लाल उजेड पडला, तर हे ब्रेकवरचा पाय काढीनात. बैठकीखाली फाटकाचा हिरवा रंग निघाला. गंज धरू नये म्हणून ह्यांनीच लावलेला. उरलेला डबा फुकट घालवायचा नाही हा आमच्या घरचा नियम.

ही युक्ती तुझी नव्हे, असं हे लगेच म्हणाले. रोज देवासमोर बसणारी मी, खोटं कुठून बोलू? तुमचं पत्रच पुढे ठेवलं. चष्मा पुसून वाचलं. वायरिंगची ओळ आली तिथे थांबले, पुन्हा वाचली. मग चपला घालून गेले आणि इंजिनवाल्याला नाही म्हणून सांगून आले.

डावी बैठक खरवडून झाली आहे. उजवीखालीही तोच रंग असणार, म्हणून मी स्क्रू-ड्रायव्हर पुढे केला. तर म्हणाले, तिला हात लावू नकोस, ती त्याची आहे. त्याला म्हणावं रविवारी पॉलिश पेपर घेऊन ये.

लोभ पत्रातला पुरे झाला, आता समक्ष या.

वहिनी