तळ्यातला किल्ला

अमरावती, ६ जानेवारी १९५९

ती. वामनमामांस, शकुनचा सा. न. वि. वि.

सगळी खुशाल. मी शाळेत असताना तुम्ही काढलेला तो दोन राज्यांचा नकाशा पुन्हा भिंतीवर लावला; त्याची दुसरी प्रत तुमच्याकडं आहेच. खेळायचं का? नियम जुनेच. एका पत्रात एक चाल. दगडी किल्ल्याला मोहरा म्हणून चाळीस सरक्या आणि चार पत्रं, मातीच्या गढीला दहा सरक्या आणि एकच पत्र. जागा बांधून झाल्यावरच सांगायची. माझी पहिली गढी झालीसुद्धा, सहाव्या ओळीतलं दुसरं घर!

पैज मात्र नवी. मी जिंकले तर मुकाट्यानं इथं येऊन मोतीबिंदू काढून घ्यायचा. पिकला म्हणून डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
शकुन

अकोला, १४ जानेवारी

चि. शकुनला अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी गढी बकरीनं शिंग लावलं तरी पडेल, पोरी. मी दगडीच बांधणार. आज पाया खणला. मी जिंकलो तर वर्षभर माझ्या डोळ्यांचं नाव काढायचं नाही. काल मी चहात मीठ घातलं, ते मामीनं डबे हलवले म्हणून. मामी म्हणते, तुह्या मामाले घाई म्हणजे काय ते ठाऊकच नाही. म्हणू दे.

तुझा,
वामनमामा

अकोला, ९ मार्च

चि. शकुनला आशीर्वाद.

हे चौथं पत्र. किल्ला पुरा झाला! सातव्या ओळीतलं तिसरं घर, चहूकडं मोकळं पठार. तुझ्या चारही गढ्या माझ्या तोफांखाली. आता बस बोंबलत. मामीनं तुझ्यासाठी सांडगे ठेवलेत.

विजयी,
वामनमामा

अमरावती, १३ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

मामा, ते घर म्हणजे आपलं तळं आहे. तुम्हीच निळ्या शाईनं भरलेलं. मी हट्ट करून काढून घेतलेली दोन बदकंही तिथंच आहेत. नियमानं किल्ला बुडाला. आधी मला हसूच आलं, मग पत्र हातात घेऊन रडत बसले. मला असं जिंकायचं नाही. पैज मोडली. फक्त खरं सांगा, नकाशात तुम्हाला काय दिसतं?

तुमची,
शकुन

अकोला, १९ मार्च

चि. शकुनला अनेक आशीर्वाद.

अक्षर मामीचं आहे; याआधीची पत्रं मी अंदाजानं खरडली. मी सांगून राहिलो, ती लिहून राहिली. तुझी पत्रंही दिवाळीपासून तीच वाचते. तुला कळवायचं नाही अशी तिला शपथ घातली होती.

तुझं पत्र ऐकून नकाशा खिडकीपाशी नेला. नुसतं धुकं, बाई. किल्ला मी आठवणीनं बांधला होता. जन्मभर पोरांना चित्रकला शिकवली, आणि स्वतः भरलेलं तळं मला दिसू नये! मला भीती वाटते गं. हाती उरलेलं एवढंसं दिसणंही डॉक्टरच्या सुरीखाली गेलं तर? म्हणून दगड फोडत वेळ काढला.

किल्ला सोडला. आता एका पत्राची गढी बांधतो, तुझ्या घरी. मंगळवारच्या सकाळच्या मोटारीनं आम्ही दोघं निघतो. नकाशा घेतलाय, निळी शाईही. बदकांचा रंग उडाला असेल, तो नंतर मीच भरीन.

माया आहे ती राहू दे, आणि मोटारस्टँडवर माझा हात धरायला ये.

तुझा,
वामनमामा