सिग्नेच्या वरातीचा तिसरा भाग

१२ जून १९७२

नोकरी लागली! मला! वर्गात 'हजर' म्हणायला तोंड उघडत नव्हतं म्हणून शाळा सोडली, आणि आता काम काय — तर मुलाखती!

म्हणजे मुलाखती लुन्दे मास्तर घेणार. मी टेपरेकॉर्डर उचलायचा. त्यांची पाठ धरलीय. देशभरच्या फिडलवाल्यांच्या संघाला पुढच्या वर्षी पन्नास वर्षं होतात, त्याचा इतिहास मास्तर लिहितायत. संघाच्या ऑक्टोबरच्या मेळाव्यानंतर लगेच पुस्तक ओस्लोला छापायला जाणार.

आई म्हणाली, "ओझंच उचलायचंय ना आस्लाउग? मग जमेल तुला. ओझ्याशी बोलावं लागत नाही."

१९ जून

दिवसभर फिती ऐकून टाइप केलं. मास्तर विचारतात, "ही चाल तुम्ही कुणाकडून घेतलीत? वडलांकडून ना? आणि त्यांनी मामांकडून, बरोबर?" समोरचा म्हातारा म्हणतो, "हं." अख्खी फीत तशीच. मास्तर आणि हं.

'हं' मी फार छान टाइप करते.

२७ जून

आज गुनलेइककडे. दरीच्या पार वरच्या टोकाला एकटा राहतो. वाटेत मास्तरांनी सांगितलं — १९३४ च्या स्पर्धेत तो 'सिग्नेची वरात' वाजवायला उभा राहिला. नवरीला चर्चमध्ये नेताना पुढे चालत वाजवायची चाल. वाजवण्याआधी कुणाकडून घेतली ते सांगावंच लागतं, तेव्हाही, आजही. हा म्हणाला, "आईकडून." परीक्षक म्हणाला, "आईकडून दूध घेतात रे. चाल कुणाकडून घेतलीस?" सगळा हॉल हसला. यानं फिडल पेटीत ठेवली आणि चालता झाला. त्यानंतर लोकांत कधी वाजवली नाही. दुसऱ्या कुणालाच ती येत नाही. जुनी माणसं सांगायची, तीन भाग होते. मास्तरांच्या पुस्तकात तिच्यापुढे एकच शब्द आहे — लुप्त.

दारातच म्हातारा म्हणाला, "मास्तर, तुमचं तोंड गाडीत ठेवून या."

मास्तर हसले. तो नाही हसला. माझ्याकडे बोट केलं. "ही पोरगी चालेल. ही बोलत नाही."

या गुणासाठी मला कुणी निवडेल असं वाटलं नव्हतं!

३० जून

एकटी गेले. मशीन सायकलला बांधून. टेबलावर ठेवलं. तो बटाटे सोलत होता. मीही सोलले.

"मुकी आहेस का गं?"

"नाही."

"मग ठीक."

संपली मुलाखत.

४ जुलै

बटाटे. कॉफी. तो बशीत ओततो, दातात साखरेचा खडा धरतो आणि फुर्र करतो. मीही केलं. जीभ भाजली. निघताना म्हणाला, "गुरुवारी ये, मटार सोलायचेत."

मास्तरांचा फोन, "काही बोलला?" — "मटार आहेत म्हणाला."

६ जुलै

वाजवली!! मटार सोलता सोलता उठला, हात पँटला पुसले, भिंतीवरची फिडल काढली. तारांखालच्या तारा गज न लागता आपल्या आपण घुमत होत्या. चाल चालता चालता मध्येच जरा अडखळते — नवरी चिखलातून परकर सावरत जातेय तशी. संपल्यावर त्यानं फिडल परत भिंतीला लावली. मग पुन्हा मटार.

आणि मी मेले तर बरं. मशीन लावलेलंच नव्हतं! प्लग कुठे लावायचा ते विचारायची लाज वाटली. पुढच्या वेळी विचारू, पुढच्या वेळी विचारू! वायर माझ्या मांडीवर, मटारच्या सालांखाली. आणि मी बटण दाबून शहाण्यासारखी बसलेय!

१० जुलै

मास्तरांना सांगितलं, "फीत ऐकतेय अजून." कसली फीत!

बाबा जहाजावर असतात; त्यांनी शिकवलं तेवढं वाजवता येतं, तर त्यांचीच फिडल घेऊन गोठ्यात बसते. गायी उन्हाळाभर डोंगरावर चरायला. श्रोते फक्त माश्या. पहिला भाग आला. दुसराही आला. तिसरा — कोरा! एक सूरही नाही. डोकं आहे की चाळणी? उभ्या देशात ही चाल एकाच माणसाकडे होती आणि ती सांडली कुणी? मी.

१४ जुलै

गुनलेइकला सांगून टाकलं. एका दमात. एवढं लांब वाक्य मी जन्मात बोलले नव्हते. "प्लग लावला नव्हता आणि तिसरा भाग मी विसरले आणि प्लीज परत वाजवा."

तो कॉफी सांडेपर्यंत हसला. "वायर तुझ्या मांडीवरच होती की! मला काय दिसत नाही? म्हणून तर वाजवली."

"मग परत—"

"छे. तू वाजव. चुकलीस तर सांगतो."

त्याच्याच फिडलवर वाजवली. तिसऱ्या भागाला डोळे मिटले आणि बोटं नेतील तिकडे गेले. कान नुसते तापले होते. तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग नाक शिंकरलं. म्हणाला, "हं."

हं! म्हणजे आठवत होता की मला! चाळणीत काहीतरी उरलं होतं!

पण अट घातलीच. मेळाव्यात मी वाजवायची, आणि कुणाकडून घेतली ते मोठ्यानं सांगायचं. "शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे. नाहीतर लुप्तच राहू दे."

१५ जुलै

राहू दे लुप्त.

३० सप्टेंबर

गायी खाली आल्यात. त्यांच्यासमोर 'गुनलेइककडून' म्हणायचा सराव केला. लाल गाय मध्येच उठून तोंड फिरवून बसली.

१४ ऑक्टोबर

मेळावा. निवेदक म्हणाला, "कुणाकडून घेतलीस?" आणि शेवटच्या रांगेत, टोपी मांडीवर घेऊन, गुनलेइक! आला होता!

मी घसा फाडून ओरडले, "गुनलेइककडून! त्यांनी आईकडून, सिग्नेकडून!"

समोर माइक होता. पुढच्या रांगेनं कान झाकले. पण हसलं कुणी नाही.

मग वाजवली. तिन्ही भाग.

१६ ऑक्टोबर

मास्तरांचा फोन. गुनलेइकनं 'लुप्त' खोडायला लावलं. तिसरा भाग तो कधीचाच विसरला होता म्हणे. त्या दिवशी मटार बाजूला ठेवून त्यानं दोनच वाजवले. तिसरा आता शिकलाय, आणि पुस्तकात तसंच छापा म्हणतो — 'तिसरा भाग आस्लाउगकडून.'

उद्या मास्तर माझ्याकडे येतायत. मशीन घेऊन.

प्लग कुठे आहे ते मी सांगणार नाही.