क्रेनचालकाची बाजू

२ सप्टेंबर, मंगळवार

अडतीस पोरं, एकोणीस संगणक, त्यातले चौदा चालू. एकेका खुर्चीवर तिघं तिघं. तरी तास झाला!

मोठ्या बाई — मुख्याध्यापिका, सगळी शाळा त्यांना हेच म्हणते — दारातूनच म्हणाल्या, "नेटवर वाचायला काय शिकवायचं? दिवसभर तेच तर करतात पोरं." मी म्हटलं, बघतात. वाचत नाहीत. चेहरा आंबट करून निघून गेल्या. जाऊ देत. पंधरा वर्षं बातम्यांच्या वेबसाइटवर काढली, तिथून नारळ मिळाला म्हणून इथे आले, तर निदान जे येतं ते तरी शिकवीन.

नववीला काम दिलं : नेटवरचा एक खरा मजकूर निवडा. गोष्ट नको, कविता नको. बातमी, लेख, माहिती, काहीही. त्यावर एक पान लिहा. आवडला की नाही आवडला ते मला नकोय. लिहिणाऱ्याला हे कळलं कुठून, ते शोधा.

"मॅडम, शोधायचं कसं?" — मागच्या बाकावरून. पहिल्यांदाच कुणीतरी बरोबर प्रश्न विचारला.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज हसून हसून पोट दुखलं. एकाने "महिन्यात केसगळती थांबवा" हा लेख आणला. मी म्हटलं, लिहिणारा कोण? शोधता शोधता तेल विकणारा निघाला. पोराचं तोंड एवढंसं झालं. "मॅडम, आमच्या घरी दोन बाटल्या आहेत!"

त्याचं पान सुरेख उतरलं. राग आला की पोरं चांगलं लिहितात.

टाचणीने अजून काही निवडलेलं नाही. बारीक, सरळसोट, आणि बोलली की टोचते, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. तिला आवडतं म्हणे. "मंगळवारी आणते," म्हणाली.

९ सप्टेंबर, मंगळवार

आणलं.

"मोबाइलच्या नादात क्रेनचालकाने घेतला हमालाचा पाय." दोन वर्षांपूर्वीची बातमी. खाली नाव नाही, नुसतं 'प्रतिनिधी'.

"हा क्रेनचालक म्हणजे माझे बाबा," टाचणी म्हणाली. कुजबुजत नाही — सगळ्यांसमोर.

मी कागद हातात घेतला. दुसऱ्या परिच्छेदात "क्षणभराच्या बेफिकिरीची किंमत एका कुटुंबाने आयुष्यभर मोजायची" असं वाक्य. ते वाक्य माझं. बातमी माझी! त्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्याने वा वा केली होती, तेही आठवलं.

तोंडातून निघालं, "घरचा विषय नको गं. दुसरं काहीतरी घे."

"का? तुम्हीच म्हणालात, ज्यातलं थोडं माहीत आहे ते घ्या."

"बरं, घे," म्हटलं आणि फळा पुसायला वळले. फळा कोराच होता.

१० सप्टेंबर, बुधवार

पानाशी तरी खोटं नको. दोन वर्षांपूर्वी, सकाळी अकराची वेळ. मालधक्क्याच्या कंपनीचं पत्रक मेलवर आलं. अजून सहा बातम्या करायच्या होत्या. पत्रकातली वाक्यं उचलली, पुढेमागे केली, एक स्वतःचं घातलं. वीस मिनिटं. पत्रकाच्या तळाशी धक्क्याच्या ऑफिसचा नंबर होता. केला नाही. चालकाचं नाव मात्र पूर्ण छापलं. आडनावासकट.

आणि मी पोरांना शिकवतेय!

१२ सप्टेंबर, शुक्रवार

दादाला फोन करून सांगितलं. म्हणाला, "कशाला उकरून काढतेस? तुझं नाव आहे का खाली? नाही ना! मग गप बस." मागून वहिनीचा आवाज : "ती पोरगी पुन्हा तोंड तरी बघेल का हिचं?"

न का बघेना. पण आज तासाला तोंड उघडलं नाहीच. स्वतःचीच चीड आली.

टाचणी मात्र सुसाट सुटलीय. ज्यांचा पाय गेला त्या हमालकाकांच्या घरी जाऊन आली. ते म्हणाले, "ब्रेक लागलाच नाही, पोरी. लागत नव्हताच." बाबांच्या जुन्या जोडीदाराकडून तिने तक्रारवहीचा फोटो मिळवला. अपघाताआधीच्या तीन आठवड्यांत त्याच क्रेनच्या ब्रेकची तीन वेळा तक्रार. खाली सुपरवायझरची सही. कंपनीच्या साइटवरून ते जुनं पत्रकही काढलं. माझ्या बातमीत ब्रेक हा शब्दच नाही.

तिच्या पानावरचं उतरवून ठेवते : "या बातमीत आठ वाक्यं आहेत. सात कंपनीची. एक लिहिणाऱ्याचं, आणि तेच सगळ्यात वाईट आहे."

दहापैकी दहा दिले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पोरांची पानं मी खोलीच्या भिंतीवर लावली होती. मोठ्या बाईंनी वाचली. बोलावणं आलं.

"संगणक त्याच कंपनीने दिलेत, ठाऊक आहे ना?"

"तरीच पाच बंद आहेत."

हसल्या नाहीत. "ते पान काढा. मुलीला दुसरं काही लिहायला सांगा. फुलपाखरं, ग्रह, काय कमी आहे का? नाहीतर हा तासच बंद करावा लागेल."

"पानात एक ओळ खोटी दाखवा, आत्ता काढते."

"खऱ्याखोट्याचा प्रश्न नाहीये हा!"

"माझ्या तासाला तोच असतो, बाई."

खोलीत परत येऊन त्या पानाला चार पिना होत्या, त्याच्या आठ केल्या. हे सगळं ऐटीत केलं खरं. पण शूर कुणासमोर? जिच्यासमोर व्हायचं तिच्यासमोर अजून वाचा बसलेलीच आहे. शुक्रवारी सांगणार. सांगणार म्हणजे सांगणार!

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सांगितलं.

हजेरी झाल्याझाल्या, उभ्यानेच. "टाचणीने निवडलेली बातमी मी लिहिलेली आहे." कुणीतरी "आईशप्पथ" म्हणालं.

वाटलं होतं, रडेल. उठून जाईल. काहीतरी फेकेल. तिने वही उघडली.

"किती वेळ लागला लिहायला?"

"वीस मिनिटं."

"धक्क्यावर गेला होतात?"

"नाही."

"फोन नंबर होता?"

"होता."

"मग?"

"मग नाही केला."

तिने ते लिहून घेतलं. शब्दन् शब्द. मान वर न करता म्हणाली, "बाबांना दोन वर्षं कुणी क्रेनवर उभं केलं नाही. पोती मोजायला बसतात ते. नेटवर नाव टाकलं की हीच बातमी पहिली येते." मग : "तुमचं म्हणणं पानात घालू?"

"घाल. माझ्या नावासकट."

तास संपल्यावर सगळे गेले. ती गेली तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. वहिनी बरोबर होती. सांगितल्याचा पश्चात्ताप मात्र तीळभर नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

जुन्या संपादकांना मेल केली. तासाभरात फोन आला.

"दोन वर्षांपूर्वीची बातमी कोण वाचतंय आता?"

"त्या माणसाला काम देणारा प्रत्येक जण."

"तू आता आमच्याकडे नाहीस. तुझा काय संबंध?"

"बातमी माझी आहे. तक्रारवहीचा फोटो जोडलाय, बघा तरी. नसेल छापायचं तर मी कुठेतरी छापीन. वीस मिनिटांत बातमी कशी पाडली, कुणाच्या हाताखाली पाडली, सगळं."

"धमकी देतेस?"

"हो."

आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला 'हो' म्हणताना मजा आली! तिकडे माउसची टिकटिक, फोटो उघडला असणार. मग, "लिहून पाठव. पाच ओळी. जास्त नाही."

पाच ओळी लिहायला दुपार गेली.

२४ सप्टेंबर, बुधवार

दुरुस्ती आली! बातमीच्या अगदी वर, चौकटीत. 'क्रेनचालकाची बाजू' हे शीर्षक मी दिलं होतं, तेच ठेवलंय. चालक मोबाइलवर होता हे विधान निव्वळ कंपनीच्या पत्रकावरून केलं होतं, ते आम्ही मागे घेतो. ब्रेकच्या तीन तक्रारी नोंदलेल्या होत्या. बातमी लिहिणारीचं नाव अमुक. 'अमुक' म्हणजे मी. छापील नाव बघून यापूर्वी कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

दुपारी टाचणी जिन्यात भेटली. "वाचलं," म्हणाली. एवढंच. पण बघितलं माझ्याकडे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

तास बंद. नोटीस लागली, 'तांत्रिक कारणास्तव'. खोलीला कुलूप. कंपनीतून फोन आला असणार, मोठ्या बाईंनी नजर चुकवली.

कोपऱ्यावरच्या वाचनालयात गेले. ग्रंथपाल बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "संगणक एकच आहे. पण टेबलं मोठी आहेत, आणि इथे गप बसा म्हणायचा हक्क फक्त मला."

शाळा सुटल्यावर तास वाचनालयात, असा पोरांना निरोप दिला. किती येतील? पाच धरली होती. एकतीस आली! एका फोनवर चार डोकी, खाली सतरंजीवर. तेलवाला पोरगा दोन बाटल्या घेऊन आलेला, पुरावा म्हणून. लावा म्हणावं कुलूप!

टाचणीने बातमी दिली : बाबांना दुसऱ्या यार्डातून बोलावणं आलंय. क्रेनवर. बुधवारपासून. नव्या मालकाने ती चौकट वाचली. हे सांगताना ती हसली, आणि मला कळलं की तिला हसताना मी आजवर बघितलेलंच नव्हतं.

३० सप्टेंबर, मंगळवार

तिचे बाबा आले वाचनालयात. चपला बाहेर काढून, घडीचा सदरा घालून. वाटलं, आभार मानायला. मी उठून उभी राहिले.

"मॅडम, पोरीने हमालाला विचारलं, जोडीदाराला विचारलं, तुम्हालासुद्धा विचारलं," ते म्हणाले. "मला कुणी विचारलं नाही. ब्रेक खराब होता, ते खरंच. पण फोनही माझ्या हातात होता. उद्या क्रेनवर चढायच्या आत तुम्हाला सांगून टाकतो."

टाचणीचं ते पान मी तीनदा वाचलं होतं. त्या पाच ओळींवर अख्खी दुपार घालवली, वर शीर्षक दिलं. आणि या माणसाला एक फोन मी याही खेपेला केला नाही.

टाचणी पांढरीफटक. मग तिने बाकावर सरकून त्यांना जागा केली, वहीचं कोरं पान काढलं.

"बसा, बाबा. पहिल्यापासून सांगा."