तात्सुकीच्या पायांचं अक्षर

११ फेब्रुवारी
सेतो संघ माझ्याकडे आला! ऑफिसातले ओगाता निवृत्त झाले, ते ज्यांचे खेळाडू मोजायचे ते बेसबॉल संघ आमच्यात वाटले गेले. मुराओका साहेब म्हणाले, "चिझुरु, तुझं घड्याळ कडक आहे. या सेतोवाल्यांचे फार लाड झालेत." मी मान डोलावली. त्या संघात माझा सख्खा भाऊ तात्सुकी आहे, हे मात्र बोलले नाही. लग्नाने आडनाव बदललं, त्यामुळे ऑफिसात कुणाला माहीत नाही. उद्या सांगते.

१२ फेब्रुवारी
नाही सांगितलं.

२० फेब्रुवारी
मियाझाकी. संघाचं सरावशिबिर. स्टँडमध्ये मी, बोचरा वारा आणि थर्मास घेऊन बसलेले दोन म्हातारे.
बेसबॉलचे व्हिडिओ गेम बनवणाऱ्या इतर कंपन्या यंत्रांचे आकडे विकत घेतात. आम्ही अजून मैदानात बसून हातातल्या घड्याळाने मोजतो आणि गेममधल्या प्रत्येक खेळाडूला अक्षरं देतो — फटक्याचं, फेकीचं, धावण्याचं. ए सगळ्यात वर, जी तळाला. आमच्या गेमचं बळ विचाराल तर हेच. त्यातला पडका खांदा खऱ्याच माणसाचा असतो. बाकी गेममध्ये उणिवा ढीगभर. पाऊस कधी पडत नाही, पंच कधी चुकत नाही, आणि समालोचक तोच विनोद प्रत्येक डावात मारतो. पण माणसं खरी!
तात्सुकीला लांबून पाहिलं. एकतिसाव्या वर्षी संघात टिकलाय तो निव्वळ पायांवर. फटका त्याला मारता येत नाही, हे आईसुद्धा कबूल करते. शेवटच्या डावात कुणी जाड्या कसाबसा पहिल्या बेसवर पोचला की त्याच्या जागी याला उतरवतात. चेंडू टाकणाऱ्या पिचरची नजर चुकवून याने दुसऱ्या बेसकडे धूम ठोकायची. चोरी! आठवड्यातून दहा मिनिटांचं काम. पण गेममध्ये ओगातांनी त्याच्या धावण्याला ए दिलाय, म्हणून देशभरातली पोरं शेवटच्या डावात त्यालाच मैदानात उतरवतात. पगार संघ देतो, नाव गेमने दिलंय.
लहानपणी नदीकाठी पकडापकडी खेळायचो. अख्ख्या गल्लीला हुलकावण्या देणारा हा पठ्ठ्या माझ्या हातून कधी सुटला नाही. सुटायच्या आधी उजवी टाच जराशी उचलतो, मी लगेच आडवी. आई म्हणायची, "हिला कसं कळतं कोण जाणे!"

१८ एप्रिल
आज तात्सुकीला पहिल्यांदा मोजलं. धावणारा निघाला की बटण दाबायचं, दुसऱ्या बेसला हात लागला की पुन्हा दाबायचं — इतकं साधं. आकडा पुन्हा पुन्हा पाहिला. हा ए नाही. बीसुद्धा नाही. पोचला सुखरूप, पण त्याला बाद करायला कॅचरने दुसऱ्या बेसकडे केलेली फेक उंच गेली होती म्हणून. नशीब.

२ मे
पुन्हा तसंच. पुन्हा सुखरूप, पुन्हा नशीब.

१६ मे
तिसऱ्यांदाही. इतरांचे आकडे ओगातांशी तंतोतंत जुळतात, फक्त याचाच नाही. म्हणजे ओगाता लाड करत होते, नाहीतर हा म्हातारा झाला.
संध्याकाळी स्टेशनजवळच्या उदोन नूडल्सच्या दुकानात भेटला. वाडग्यात तोंड खुपसूनच विचारलं, "काय ताई, यंदा माझं अक्षर?"
"ऑफिसातलं बाहेर सांगत नाही."
"बघा! लहानपणी याच बाईची नाकं पुसली मी."
"मी तुझी पुसली, गाढवा. सात वर्षांनी मोठी आहे."
खूप हसला. मग म्हणाला, "संघातले सगळे आपलं अक्षर बघतात हं. कोच काय बोलतो ते विसरतो आम्ही. गेममधलं नाही विसरत."
मी उरलेलं उदोन त्याच्याकडे सरकवलं.

७ जून
उद्या गेमची हंगामाच्या मधली सुधारणा, नव्या अक्षरांची, बाहेर जाणार. दिवसभर त्याच्या नावापुढचा चौकोन रिकामा ठेवला. बी द्यावा का? एक अक्षर इकडचं तिकडे, कुणाला कळणार? पण मला कळणार ना! दुसऱ्या कुणाचा असा आकडा असता तर इतका विचार केला असता का? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे माझ्या घड्याळात चालायचं नाही.
सी दिला.

८ जून
आईचा फोन. शेजारच्या पोराने दाखवलं म्हणे. "अगं, गेमच आहे ना तो! गेममध्ये तरी जरा हात सैल सोडायचास!"
तात्सुकीचाही आला. वाटलं होतं, भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "तुझंच घड्याळ ना ताई? मग बरोबरच असणार."

१३ जुलै
आज त्याला उतरवलं. पिचर संथ, सगळं मैदान वाट बघतंय — आणि हा बेसला चिकटून उभा! निघालाच नाही. माझ्या मागचा बिअरवाला ओरडला, "अरे सी, घरी जा!"
सी. त्याचं नाव घेतलं नाही, अक्षर घेतलं.

४ ऑगस्ट
निघाला, पण आधी थबकला. बाद. धूळ झटकत माझ्या स्टँडकडे पाहिलं की काय, असं वाटलं. बहुतेक नाही पाहिलं.

११ ऑगस्ट
घरी गेम लावून बसले. त्याला उतरवलं, बटण दाबलं. गेममधला तात्सुकी तत्काळ निघाला! बाद झाला, उठला. पुन्हा दाबलं, पुन्हा निघाला, पुन्हा तितक्याच जोरात. कुरकुर नाही, शंका नाही.
तेव्हा कळलं. आमच्या गेमची सगळ्यात मोठी उणीव पाऊस नाही की पंच नाही. गेममधल्या खेळाडूला आपलं अक्षर ठाऊक नसतं. सी असला तरी तो ए असल्यासारखा पळतो. बाहेरचा माणूस आपलं अक्षर वाचतो आणि तेवढाच पळतो.
हे मी कुठल्या रकान्यात भरू?

३ ऑक्टोबर
संघाने त्याला सोडलं. सकाळी फोन करून कोट घालून यायला सांगितलं, पाच मिनिटांत परत पाठवलं. मला त्याने एका ओळीत कळवलं. शेवटी हसरा चेहरा काढला होता. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

५ ऑक्टोबर
घरी जाऊन आले. सोडून दिलेल्या खेळाडूंची नोव्हेंबरमध्ये एकत्र चाचणी असते, सगळ्या संघांचे लोक बघायला येतात. "जाशील ना?" विचारलं.
"कशाला? ताईचं घड्याळ खोटं बोलत नाही." बूट माळ्यावर टाकलेत म्हणे. आईच्या ओळखीने टायरच्या दुकानात लागतोय.
आई माझ्याशी बोलली नाही. जेवायला मात्र वाढलं, आणि माझ्या आवडीचा मुळा सगळ्यांत जास्त मलाच वाढला. त्याने जास्तच लागलं.

९ ऑक्टोबर
मुराओका साहेबांना सांगितलं, एकदाचं. फेब्रुवारीतच सांगायला हवं होतं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "भावाला सी दिलास?" "हो." "हं." सेतो संघ माझ्याकडून काढून नव्या मुलीला, हिनात्सुला दिला. ओरडले असते तर हलकं वाटलं असतं.

६ नोव्हेंबर
आजच लिहून ठेवते.
हिनात्सु नवीन आहे. घड्याळाचा सराव व्हावा म्हणून मी मोजलेल्या सामन्यांचं चित्रीकरण लावून पुन्हा मोजत होती. दुपारी माझ्या टेबलाशी आली. "चिझुरुताई, माझं काहीतरी चुकतंय. सगळ्यांचे आकडे तुमच्याशी जुळतात, एकाचाच नाही. हा माझ्या घड्याळात फार लवकर पोचतो."
कोण, ते विचारावं लागलं नाही.
शेजारी बसलो. दोघींच्या हातात घड्याळं. एप्रिलचा सामना. मी दाबलं.
"अहो, आधीच दाबलंत!"
"निघाला की तो."
"कुठे निघालाय? उभा आहे अजून." तिने चित्र थांबवलं. तात्सुकी उभा होता. "पाय दोन्ही जमिनीवर आहेत, बघा ना."
"उजवी टाच—"
"कुठली टाच?" तिने चित्र मोठं केलं, मागे नेलं, पुढे आणलं, नाक पडद्याला टेकवलं. तिला दिसेना. साहेबांना बोलावलं. त्यांनाही दिसेना. मला दिसत होती! नदीकाठी दिसायची तशी. म्हणजे तो निघायच्या आधीच माझं बटण दाबलं जात होतं, दरवेळी. जगात एकाच माणसाच्या बाबतीत.
पक्षपात नको म्हणून मी जिवाचा आटापिटा केला. डोळ्यांनी केला तो मला कळलाच नाही.
साहेबांनी स्वतः मोजलं, तीनही सामन्यांचं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ओगातांनी लाड केले नव्हते, चिझुरु. ए आहे."

७ नोव्हेंबर
तात्सुकीला फोन केला, सगळं सांगितलं. चाचणीचे अर्ज अजून घेतायत, हेही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग, "कुठली टाच?"
"उजवी."
"ताई, फोन ठेव. माळ्यावर चढायचंय."