होळगीचं ताट आणि श्रीशैलाची वाट

श्री मल्लिकार्जुन प्रसन्न

मी, शिवलिंगप्पा सिद्रामप्पा, धंदा शेंगतेल व गूळ, राहणार नळदुर्ग, जिल्हा उस्मानाबाद, वय साठीच्या जरा अलीकडे, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, हकीम आयुब यांनी सकाळीच नाडी पाहून ती खणखणीत असल्याचे सांगितले आहे, आणि कोणी गळ घातली म्हणून मी हे लिहीत नाही. गळ घालणाऱ्यांना मी आताशा दादच देत नाही. उद्या पत्नी लक्ष्मम्मा हिच्यासह श्रीशैलाला पायी निघायचे आहे. पुढे कृष्णा ओलांडायची, मग जंगल. म्हणून मागची व्यवस्था लावतो. अक्षर वेडेवाकडे आले असेल तर ते भीतीने नव्हे, आनंदाच्या घाईत लिहितो आहे म्हणून.

दुकान व तेलघाणा मुलगा चन्नबसप्पा याने चालवावा. घाण्याचा बैल थकला आहे, तरी तो विकू नये.

माझे मोठे काशाचे ताट थोरले बंधू वीरभद्रप्पा यांना द्यावे. पंगतीत होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या, खाण्याची पैज बंधूंनी लावायची आणि मी जिंकायची, अशी आमची रीत होती. नागपंचमीपासून संक्रांतीपर्यंत सण थांबत नसत आणि मीही थांबत नसे. दर संक्रांतीला गोरोबा शिंपी माझ्या बंडीचे माप वाढवायचा.

चन्नबसप्पा विषमज्वरातून उठला तेव्हा दोघांनी श्रीशैलाला पायी येऊ, असा नवस लक्ष्मम्मा बोलली होती. तो फेडायला गेल्या साली निघालो, तर जळकोटलाच माझा दम तुटला. सोबतची मंडळी पुढे गेली आणि मला बैलगाडीत घालून माघारी आणले. लक्ष्मम्मा गाडीत बसली नाही, मागून चालत आली. वेशीत बंधू म्हणाले की, यंदा देवच जळकोटपर्यंत भेटायला आला होता वाटतं. सगळे हसले. लक्ष्मम्मा घरी येऊन एवढेच बोलली, "पुढल्या साली मी एकलीच जाते. तुम्ही सणाचं ताट राखत बसा."

ते जिव्हारी लागले. नवस दोघांचा होता.

सण टाळायचे नव्हतेच. पंगतीला जाण्याआधी घरी अर्धी भाकरी आणि ताक घेऊ लागलो. होळगी एकच, सावकाश चावून. वाढपी आला की पानावर दोन्ही तळवे धरायचो. जेवून लोक आडवे होत, तेव्हा मी किल्ल्याच्या तटावर चढे. सुरुवातीला निम्म्यातच बसावे लागे. शेजारी मकबूल पिंजारी सोबतीला येत. यंदा ईद आणि गणपती पाठोपाठ आले. ईदेला सगळ्या मोहल्ल्यात शिरखुर्म्याच्या वाट्या फिरत असताना मकबूल एका वाटीवर थांबले आणि मला म्हणाले, "पेट नई मांगता शेठ, आदत मांगती." मला सणांतून पार नेले ते या माणसाने. बोरी नदीकाठच्या मळ्यातले चिंचेचे झाड, फळासकट, त्यांचे.

कन्या पार्वतम्मा हिला आईच्या माघारी पाटल्या द्याव्यात. दिवाळीत तिच्या सासरी आळंदला गेलो होतो. विहीण मल्लम्मा आग्रहाची जबर. मी कानडीत "साकु, साकु", पुरे पुरे, म्हणतो आहे, आणि त्या वाढतच आहेत. मानाचे पान टाकून उठलात तर आमचा अपमान, म्हणाल्या. दाराआड पार्वतम्मा पांढरी पडली होती. मागून तिलाच ऐकून घ्यावे लागले असते. मी हात जोडून म्हणालो, "विहीणबाई, मला लेकीच्या घरी अजून लई वर्षं यायचंय. म्हणून साकु."

 त्यांनी वाढायचे ताट खाली ठेवले आणि स्वतः पाणी आणून दिले. लेकीने श्वास सोडलेला मला ऐकू आला.

या संक्रांतीला गोरोबाने बंडी आत घेतली. परवा लक्ष्मम्मा आणि मी जळकोटला जाऊन उन्हं चढायच्या आत परत आलो. वेशीत बंधू होते. त्यांनी सरकून मला शेजारी बसायला जागा दिली. ताट त्यांना द्यावे, टोमणा म्हणून नव्हे. त्यांचेही गुडघे आता वाजतात. झेपेल तेवढेच वाढून घ्यावे.

माझे काही झाल्यास प्रसादाच्या पंगतीत कोणालाही आग्रह करू नये. भुकेल्याला पोटभर वाढावे, आणि पुरे म्हणणाऱ्याला पुरे म्हणू द्यावे.

राहते घर. मी वाटेत गेलो तर पत्नीने तिथूनच माघारी यावे व या घरात सुखाने राहावे, असे मी लिहिले होते. लक्ष्मम्मा गाठोडे बांधत ऐकत होती. म्हणाली, "माघारीचं खोडा. नवस अर्ध्यात सोडून मी यायची न्हाय."

खोडले. आता असे वाचावे: घर तिचेच. पण वाटेत आमच्यापैकी एकाचे बरेवाईट झाले, तर दुसऱ्याने तिथेच माती द्यावी, पुढे चालावे, मल्लिकार्जुनाला दोघांचे नाव सांगावे, आणि मगच घरी यावे. या कलमावर तिचाही अंगठा आहे.

सही: शिवलिंगप्पा सिद्रामप्पा
अंगठा: लक्ष्मम्मा

साक्षीदार: आयुब वल्द चाँदपाशा, हकीम
गोरोबा शिंपी

मुक्काम नळदुर्ग, माघ शुद्ध पंचमी, शके १८६७, सन १३५५ फसली